शामुवेल चावीवाले

आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पाण्याच्या दिवशी चावीवाला हा गल्लीतला सर्वांत मोठा माणूस असतो. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो येतो, रस्त्यातल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवतो आणि पुढच्या गल्लीला निघून जातो. शामुवेल साळवे मात्र व्हॉल्व्ह उघडला की गल्लीभर चालत जात. गल्ली चढाची. टोकाला विड्या वळणाऱ्या नागम्मांचे एका खोलीचे घर. तिथल्या नळाखाली हात धरून ते उभे राहत आणि धार लागली की मगच परत फिरत. एवढी पायपीट कशाला, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "सर, शेवटच्या घरात आलं की मगच पाणी आलं म्हनायचं."

मी शाळेत गणित शिकवत असे. माझे घर गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे पाण्याच्या बाबतीत मी पहिल्या बाकावरचा. शामुवेल बुटके, रुंद खांद्यांचे, सावळे. खाकी पँट, आणि शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला बायबलचा छोटा नवा करार. तो त्यांनी आमच्यासमोर कधी उघडला नाही. धर्माबद्दल ते स्वतःहून बोलत नसत. मीच एकदा छेडले तेव्हा म्हणाले, "येशूनं लोकांचे पाय धुतले. मला निदान पाणी तरी सोडता येतंय."

हेकटही होते. ड्यूटीवर कुणाच्या घरचा चहा घेत नसत. "चहा घेतला की चावी वाकडी फिरती," म्हणत. नागम्मांनाही त्यांनी हाच नियम लावला आणि त्या बाई वर्षभर रुसून होत्या. तरुणपणी आपला हात लई वाईट होता, एकाचा जबडा फोडला होता, हेही त्यांनीच मला सांगितले होते.

एका उन्हाळ्यात पाणी फार कमी दाबाने येत होते. समोरचे बिराजदार भुसार मालाचे व्यापारी. त्यांच्याकडे मुलीचे लग्न होते, घर पाहुण्यांनी भरलेले. त्यांनी नळाच्या पाइपालाच मोटर जोडली होती. तशी मोटर लावली की पाणी खालीच ओढले जाते आणि चढावरची घरे कोरडी राहतात. शामुवेल टोकाकडून उतरून आले आणि त्यांना मोटर बंद करायला सांगू लागले. टाकी भरल्यावर बघू, असे बिराजदार म्हणाले. शामुवेलांनी ओट्यावरच्या बोर्डातून मोटरची पिन काढली. बिराजदारांनी त्यांच्या थोबाडीत मारली.

मी माझ्या गेटात उभा होतो. शामुवेलांच्या मुठीतली चावी हातभर वर गेली. क्षणभर तशीच राहिली, मग सावकाश खाली आली. "मालक," ते म्हणाले, "मोटर बंद ठेवा. नागम्माच्या घरात थेंब न्हाय." आधी बोलले होते त्याच आवाजात. मग वळले आणि पुन्हा चढाला लागले. माझ्या घरात माझीही मोटर चालू होती. नागम्मांचे पाणी माझ्याही टाकीत पडत होते.

बिराजदारांना अटक होईपर्यंत काम बंद ठेवायचे, असे बाकीच्या चावीवाल्यांनी ठरवले. शामुवेलांनीच ते मोडून काढले. "मारलं एकानं. तहान सगळ्यांना कशाला?" त्यांनी तक्रारही दिली नाही. पण बिराजदारांनी दिली. हा माणूस लोखंडी चावी उगारून घरात घुसला, असे त्यात लिहिले होते. चौकशीला पाणीपुरवठा खात्याचे साहेब गल्लीत आले. माझे घर समोरचे आणि मी शिक्षक, म्हणून पहिल्यांदा मलाच विचारले. शामुवेल शेजारीच उभे होते. मी म्हणालो, मी आत होतो, काही पाहिले नाही. बोललो असतो तर माझ्या मोटरचा विषय निघाला असता, आणि बिराजदारांच्या समोर मला जन्म काढायचा होता. शामुवेलांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि नजर खाली घातली.

त्यांना आमच्या गल्लीवरून काढून पंपहाऊसवर पाठवले. नवा चावीवाला व्हॉल्व्ह उघडून निघून जाई. नागम्मा कळशी घेऊन खाली येऊ लागल्या.

दोन महिने मी कसेबसे काढले आणि मग त्यांच्या घरी गेलो. चर्चच्या मागच्या चाळीत दोन खोल्या. त्यांनी चहा मांडायला सांगितला. मी जे बोलायला गेलो होतो ते अडखळत बोललो. ते हसले. "आमच्या पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, सर. तुमी एकदाच." मग पेत्राची ती गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. मला हलके वाटले. उठून दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "माफ केलंय. पन मोटर काढा."

मोटर मी दुसऱ्या दिवशी काढली. साहेबांकडे जाऊन जबाब बदलायचे धाडस मात्र मला झाले नाही.

सहा महिन्यांनी ते आमच्या गल्लीवर परत आले. पुढच्या वर्षी बिराजदारांची आई वारली. तो पाण्याचा दिवस नव्हता आणि घरात माणसांची गर्दी. शामुवेलांनी चर्चच्या बोअरचे पाणी कॅनमध्ये भरून सायकलवरून तीन खेपांत आणून दिले. बिराजदार दारात हात जोडून उभे राहिले. त्या आठवड्यात मी शामुवेलांना विचारले, राग गेला का? ते म्हणाले, "दाढीसारखं हाय, सर. एकदा केली म्हणून होत न्हाय. रोज सकाळी उठून परत करावी लागती. पहिले काही रविवार तर प्रार्थनेत माफीची ओळ आली की माझी जीभच उचलायची न्हाय."

निवृत्त झाल्यावर ते माढ्याला मुलीकडे राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला, शामुवेल गेले. मी एस.टी. स्टँडकडे निघालो होतो, तेवढ्यात बिराजदारांनी गाडी थांबवली. "बसा, मास्तर. मीबी तिकडंच चाललोय."

माढ्याच्या दफनभूमीत पाळकांनी थोडक्यात प्रार्थना केली. नंतर एकेकाने मूठभर माती टाकायची होती. मला ते ठाऊक नव्हते. बिराजदारांच्या घराण्यातही माणसाला पुरतातच, त्यामुळे त्यांनी न सांगता माती उचलली. मी त्यांचे पाहून टाकली.

परतीच्या वाटेवर मोहोळ मागे पडले. मग रस्त्यावरची नजर न काढता बिराजदार म्हणाले, "त्या दिवशी तुमी गेटातच हुता की, मास्तर."

"होतो."

"समदं बघितलं?"

"बघितलं."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "मी खोटं लिहून दिलं," ते म्हणाले.

"मीही खोटंच सांगितलं," मी म्हणालो.