चांगुणाची यारी

पांढरीचा पूल मागे पडला तसं ऊन चांगलंच वर आलं. चांगुणा माझ्यापुढं चालत होती. डोक्यावर भाकरीचं गठुडं, हातात तेलाची लहान बाटली. आम्ही दोघी जेऊरकडून पायी शिंगणापूरला निघालो होतो, शनीच्या दर्शनाला. एरवी मी सासूबाईंबरोबर गेले असते. पण आमच्या विहिरीवर जे झालं त्यानंतर त्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, आणि चांगुणा एकटी निघाली हे मला बघवेना.

चांगुणा आणि तिचा नवरा श्रीमंत विहिरी खोल करायची कामं घेत. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि मळ्यामळ्यात यारी उभी होती. विहिरीच्या काठावर लोखंडी खांब, त्याला चाकं, आणि दोन बाजूंना दोन हँडलं. दोघांनी हँडल फिरवलं की तारेचा दोर गुंडाळत जातो नि दगडांनी भरलेली बादली वर येते. श्रीमंत खाली दगड भरी. वर एका हँडलला चांगुणा, दुसऱ्याला तिचा दीर गहिनीनाथ. इतर ठिकाणी बायका दगड वाहताना दिसत. हँडलवर बाई मी हिच्याशिवाय पाहिली नाही.

अंगानं ती माझ्या निम्मी. चार गड्यांना हलला नसता असा धोंडा बादलीत बसून वर येई आणि ही बाई आपली बोलत बोलत हँडल फिरवी. आमच्या विहिरीवर त्यांचं काम सुरू झालं की मी चुलीवरचं टाकून बघत बसे. तिनं मला एकदा जवळ बोलावून दाखवलं. हँडलच्या आसाला दात्यांचं लहान चाक, ते मोठ्या चाकाला फिरवतं. लहान कितीतरी वेळा फिरावं तेव्हा मोठं एकदा फिरतं.

"माझ्या सासूवानी हाय ही," ती म्हणाली. "जोर लावू देत न्हाई, पर फेऱ्या लई मारून घेती."

मला हसू आलं, पण मनातल्या मनात हातही जोडले गेले. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याच्या डोक्यात ते कुणी घातलं असेल?

मोठ्या चाकापाशी वीतभर लोखंडाचा एक खटका होता. ओझं वर येताना तो दात्यांवरून टकटक करत जाई. हात सुटला तरी चाक मागं फिरू देत नसे. माणूस खाली सोडताना मात्र खटका उचलून ठेवायचा आणि ब्रेकचा दांडा दाबत हळूहळू उतरवायचं.

शनिवारी कामाला लागण्याआधी यारीला तेल लावायची त्यांची रीत. लोखंड शनीचं ना. चांगुणा बोटभर तेल नुसतं खांबाला लावी. त्या शनिवारी माझ्या सासूबाई तिच्या आधीच विहिरीवर गेल्या. माणूस एवढ्या खोल उतरतो, देवाला हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून त्यांनी वाटीभर तेल वरून सगळ्या चाकांवर ओतलं. ते चाकाला आवळून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यात उतरलं.

श्रीमंत बादलीत उभा राहिला. चांगुणानं खटका उचलला, दांडा दाबला, आणि ब्रेक धरेना. हँडल गहिनीनाथच्या हातातून सुटलं, गरगरा फिरलं नि त्याच्याच मनगटावर बसलं. मी काठावर होते. चांगुणानं दांडा सोडला, फिरत्या हँडलाखालून हात घातला आणि खटका चाकावर पाडला. तो उडाला. तिनं पुन्हा दाबला. बसला. सगळी यारी हादरली आणि थांबली.

आत श्रीमंत तारेला धरून लोंबकळत होता. वीतभर लोखंडावर अख्खा माणूस तोलला होता.

गहिनीनाथचं मनगट मोडलं. गावात बोलणं सुरू झालं, की बाईनं यारीला हात लावला म्हणून शनी कोपला. त्याच्या जागी कुणी उभं राहीना. तेलाचं मला सासूबाईंनीच रडत सांगितलं होतं. चांगुणाला ते पट्टा पुसतानाच कळलं होतं, पण तिनं त्यांचं नाव कुणापाशी काढलं नाही. आता दुसरा हात मिळाला नाही तर यारी उचलून, पाणी न लागलेली विहीर तशीच टाकून त्यांना जावं लागणार होतं.

शिंगणापुरात आम्ही बायका चौथऱ्याखालीच थांबलो. ओलेत्यानं वर निघालेल्या एका म्हाताऱ्याजवळ तिनं बाटली दिली. तेल शिळेवरून ओघळताना ती टक लावून बघत राहिली. देवाची भीती वाटते का, असं मी तिला विचारलं.

"कोपला असता तर खटका बसला असता व्हय, वैनी?"

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "धनी म्हनत्यात, तुझ्या एकटीच्या हातावर उतरतो. पर एवढं मला एकटीला पेलायचं न्हाई. तुमी मालकीन हाय, तुमाला कोन बोलायचं न्हाई. उद्या दुसऱ्या हँडलला तुमी उभ्या ऱ्हा."