वीतभर लाटेची फळी

भोर संस्थानात शाळामास्तर म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी विशी नुकतीच ओलांडली होती. गाव भोरच्या पश्चिमेला, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होतं. मूळ गाव पाण्याखाली गेलेलं. त्यातली काही घरं वर चढावर येऊन बसली होती, बाकीची माणसं वाट फुटेल तिकडे पांगली होती. शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि तिला लागून माझी राहायची खोली.

मी कोकणातला, खाडीच्या तोंडाशी वाढलेला. आई गेली, थोरला भाऊ आगबोटीवर नोकरीला लागला आणि आमच्या घराला कुलूप पडलं. सुट्टीत जायला ठिकाण उरलं नाही. गावातले लोक वाईट नव्हते. कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी-कालवण येई, वाटेत भेटलं की रामराम होई. पण रामरामाच्या पुढे बोलणं सरकत नसे. मी तोंड उघडलं की माझ्या कोकणी हेलाला मुलं हसत आणि मोठी माणसं हसू दाबत. हळूहळू मी शाळेबाहेर बोलायचंच कमी केलं. संध्याकाळी पाण्याच्या काठी एका खडकावर जाऊन बसायचं आणि अंधार पडला की खोलीवर यायचं, हा माझा परिपाठ झाला.

चैत्रात शाळा सकाळची झाली आणि दुपारी वेळ खायला उठला. धरणाचं पाणी तोवर बरंच खाली गेलं होतं. पाण्याखालची जुनी भातखाचरं उघडी पडली होती. त्यांचे बांध झिजून गेले होते आणि सगळी जमीन मिळून एक सपाट, मंद उतार तयार झाला होता. दुपार कलली की घाटाकडून वारा सुटायचा. एवढं लांबरुंद पाणी अंगावर घेऊन वारा आला की लाटा उठायच्या आणि त्या उतारावर येऊन फुटायच्या. लाटा कसल्या, वीतभर उंचीच्या. पण फुटताना त्यांच्या कडेला पांढरा फेस यायचा, आणि तो फेस पाहिला की मला घरचा समुद्र आठवायचा.

लहानपणी मी आणि भाऊ जुन्या होडीची फळी छातीखाली घेऊन समुद्राच्या लाटेवर झोकून द्यायचो. लाट आम्हांला उचलून थेट वाळूवर आणून टाकायची. नाकातोंडात खारं पाणी आणि भावाचं हसणं. एका दुपारी मला वाटलं, इथेही फळी का करू नये?

शाळेच्या माळ्यावर एक सागवानी फळी पडून होती. घरी होती तशीच मी ती केली, लांब, अरुंद, पुढे टोकदार. पंचा कसून पाण्यात उतरलो, कमरेइतक्या पाण्यात लाटेची वाट पाहिली आणि झोकून दिलं. लाट माझ्या खालून निघून गेली. फळी जागची हलली नाही, उलट माझ्या वजनाने खाली बसली. दुसरी लाट तशीच गेली, तिसरीही. समुद्राच्या लाटेत जोर असतो, ती जड फळीलाही ओढून नेते. इथल्या लाटेला तेवढं बळच नव्हतं.

काठावर एक म्हातारा म्हैस चारत होता. रोजच असायचा. बायको वारलेली, मुलगी शिवऱ्याला दिलेली, घरी एकटाच. त्याच्याशी माझं बोलणं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मी चिखल तुडवत बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "काय करताय मास्तर?"

मी सांगितलं. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. फळीकडे बघत तो म्हणाला, "लई जड हाय."

"हलकं लाकूड कुठे मिळेल?"

"माज्या गोठ्यामागं पांगारा पडलाय. गेल्या साली वाऱ्यानं उन्मळला. वाळून कापूस झालाय त्याचा. बगा, पायजे तर."

मी त्याच्या घरी गेलो. गावात येऊन वर्ष होत आलं होतं आणि कुणाच्या घरी आपण होऊन जायची ती माझी पहिलीच वेळ. पांगाऱ्याचा ओंडका खरोखर हलका होता, एका हाताने कलता व्हायचा. सुताराकडून त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, दोन फळ्या शेजारी शेजारी लाकडी खुंट्यांनी जोडल्या. या वेळी रुंदी भरपूर ठेवली आणि लांबी माझ्या छातीइतकी आखूड केली. राळ आणि करंजेल कढवून दोन्ही बाजूंनी चोपडलं. म्हातारा जवळ बसून तंबाखू मळत बघायचा. फारसं कुणी बोलत नव्हतं. पण लाकूड तासणाऱ्या वाकसाचा आवाज चालू असताना शेजारी कुणी बसलेलं आहे, एवढ्यानेही मला बरं वाटायचं.

ही फळी तरंगली. लाटेने तिला उचललंही. पण जरा पुढे सरकली की तिची सपाट कड पाण्यात घुसायची आणि मी तोंडावर आपटायचो. म्हाताऱ्याने पहिल्यांदा तोंड फिरवलं. हसतोय हे मला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळलं.

कड कशी घडवावी याचा विचार करत मी पुढचे काही दिवस काढले. टोक काढावं तर रुंदी जाते, आणि रुंदी गेली की लाट उचलत नाही. एकदा म्हाताऱ्याच्या गोठ्यात बसलो असताना भिंतीला टेकून ठेवलेली एक फळी दिसली. लावणीआधी खाचरातला चिखल सारखा करायची ती फळी. तिच्यावर माणूस उभा राहतो आणि बैल ओढतात. वर्षानुवर्षं चिखलावरून फिरून तिची पुढची खालची कड गोल, गुळगुळीत झाली होती, होडीच्या पुढच्या टोकासारखी वर वळलेली.

मी ती उचलून पाहिली. म्हातारा म्हणाला, "आता काय उपेग न्हाई तिचा. खाचरं पान्यात गेली."

"बाबा, ही चिखलात रुतत नाही ती या कडेमुळेच ना?"

"व्हय. नवी असताना लई रुतायची. आमी दोगं होतो, म्या नि शेजारचा. एकानं बैल धरायचं, एकानं वर उभं ऱ्हायचं. कितींदा तोंडावर पडलो." त्याने फळीच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्यो गेला तिकडं खाली, ह्या धरनाचं पानी जातंय त्या कालव्याच्या मुलखात. कधी आला न्हाई परत."

त्याच्या घराबद्दल, बुडालेल्या गावाबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी धीर करून म्हणालो, "फळी नीट जमली तर तुम्हांला तुमच्या जुन्या घराच्या जागेवर नेऊन आणीन."

"तिथं काय हाय?" तो म्हणाला. "घर म्या माज्या हातानं उतरवलंय. वासं, कौलं, दारं, समदं वर आनलं. मानसं तेवढी आनता आली न्हाईत."

 मी पांगाऱ्याची फळी घेतली आणि तिची पुढची कड खालून तासायला लागलो. रुंदी तशीच ठेवली. पुढचा भाग जाड राहू दिला म्हणजे तरंगेल, मागचा पातळ करत नेला, आणि शेवट गोल न करता सरळ कापला, कारण मागून येणाऱ्या दुबळ्या लाटेला ढकलायला जागा हवी. फळी कुरूप झाली. भावाने पाहिली असती तर पाट म्हणाला असता. मला ती घरच्यासारखी, सडपातळ हवी होती, म्हणूनच इतके दिवस गेले होते. पण पाणी घरचं नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी वारा चांगला होता. मी पाण्यात गेलो, एक लाट सोडली, दुसरीवर झोकून दिलं. फळीखाली सळसळ झाली आणि मी पुढे निघालो. जोराने नाही, एखादी बैलगाडी उतारावर आपसूक चालायला लागते तसा. पण लाट मला सोडून गेली नाही. पार काठापर्यंत, छाती चिखलाला टेकेपर्यंत तिने मला आणलं. मी ओरडलो. आपला आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरून गेलो होतो.

म्हातारा उठून उभा राहिला होता. त्याने मुंडासं काढून खडकावर ठेवलं, धोतर खोचलं आणि पाण्यात आला. "धरा मला," म्हणाला. त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याला फळीवर पालथं घातलं, लाट येताच ढकललं. तो गेला, फळीच्या दोन्ही कडा गच्च धरून, मान ताठ करून. काठाला लागल्यावर तसाच पडून राहिला. मी घाबरून धावलो तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आम्ही उन्हात अंग वाळवत बसलो. म्हैस निवांत रवंथ करत होती. तो म्हणाला, "मास्तर, उद्यापास्न म्या येत न्हाई हिकडं."

"का?"

"वरच्या अंगाला गवत चांगलं हाय. हितं म्हशीला मिळतंय काय?"

"मग इतके दिवस इथे का येत होता?"

त्याने तंबाखू तोंडात टाकली.  "तुमी रोज त्या खडकावं बसायचा. एकटंच. पान्याकडं बगत. आमच्यातली एक बाई अशीच बसायची, घर गेल्यावं. येक दिस दिसली न्हाई. म्हनलं, ह्ये परक्याचं लेकरू, ह्येच्याकडं कोन बगनार? पवता तर येत न्हाई मला. पर वरडलो असतो तर चार जनं आलं असतं." मग फळीकडे हात करून म्हणाला, "आता तुमी जीव देत न्हाई. ह्ये दिसतंय."

मरायचा विचार मी कधी केला नव्हता, असं मी त्याला सांगणार होतो. पण खडकावर बसून मी कशाचा विचार करत होतो, तेही मला सांगता आलं नसतं. मी मान खाली घालून फळीवरचा चिखल खरवडत राहिलो. 

दुसऱ्या दिवशी खरंच तो आला नाही. वारा आदल्या दिवसापेक्षा चांगला होता. एकामागून एक लाटा मिळाल्या, प्रत्येक लाट काठापर्यंत नेणारी. काठाला लागलं की मी मान वर करून बघायचो. खडक, उन्हाने तापलेला उतार, वाळलेल्या चिखलात म्हशीच्या खुरांचे ठसे. सांगायला कुणी नसलं की आनंदही लवकर संपतो. सूर्य वर असतानाच मी फळी खांद्यावर घेऊन परतलो.

मी त्याच्याकडे जाऊन बसायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. गेलोही, दोनदा-तीनदा. पण तासायला लाकूड नव्हतं, विचारायला प्रश्न नव्हता. तो घोंगडी अंथरायचा, चहा करायचा. दोघं एकटे समोरासमोर बसलो की एकटेपण कमी होतंच असं नाही. थोड्या वेळाने तो म्हणायचा, "म्हशीचं बगाय पायजे," आणि मी उठायचो.

पाणी आणखी खाली गेलं, उतार संपून खडक लागले आणि लाटा फुटेनाशा झाल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी मी फळी त्याच्या गोठ्यात नेऊन ठेवली. तो वळणापर्यंत माझी पेटी घेऊन आला. पेटी माझ्या हातात देताना म्हणाला, "सांबाळून ऱ्हावा." एवढंच. मागे वळून न बघता चढ चढून गेला.

पुढे माझी बरीच वर्षं वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याशी गेली. तिथे धरण नव्हतं, नुसते ओढे होते. गाव मोठं, बाजार, कचेरी, माणसांची ये-जा. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मी एकटा बसायचो. जाणारे-येणारे रामराम करून पुढे जायचे.