मेश्रामभाऊंची हिरवी बॅग

एक्स-रे खोलीतल्या टेबलाखाली मेश्रामभाऊंची हिरवी बॅग वर्षभर भरलेली असे. दर सोमवारी ते ती रिकामी करत आणि गणवेश, बूट, दाढीचं सामान तपासून पुन्हा भरत. धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात ते एक्स-रे काढत. वर्षातले दोन महिने फौजेच्या राखीव पलटणीत सराव करत. मी ऑफिसात पत्रं टाईप करणारी, नवीन.

"पलटण म्हंजे काय हाये ताई," ते सांगत, "पक्के फौजी थोडेसेच. बाकी आमी. कोनी मास्तर, कोनी डायवर, कोनाचं किराणा दुकान. हाक आली का सारे एका लायनीत."

मी नुसती ऐकायची. माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची. इथे मराठीत चुकायची धास्ती. भाऊ हसत. "तुमचा आवाज राखीव हाये. हाक आली का निंघते बरोबर."

सीमेवर तणाव वाढला आणि भाऊंना बोलावणं आलं. दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. अशा वेळी मालकाने माणूस सोडायचा आणि परतल्यावर त्याला तीच नोकरी द्यायची, असा कायदा आहे. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून इंग्रजीत पत्र सांगितलं. त्यात सुट्टीचं नावच नव्हतं. भाऊ स्वखुशीने नोकरी सोडत आहेत, असं लिहायचं होतं. तरी मी टाईप केलं.

भाऊ बॅग खांद्याला लावूनच आले.

"सुट्टीचा कागद आहे, करा सही," साहेब म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "ताईनं टाईप केलं ना? मंग वाचाचं काय काम."

पेन कागदावर टेकलं.

"भाऊ, थांबा! तो राजीनामा आहे."

माझाच आवाज मला चिरका वाटला. साहेबांची नजर माझ्यावर खिळली. भाऊंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि खिशातलं बोलावण्याचं पत्र टेबलावर ठेवलं. "साहेब, हे वाचा. मले जा लागते, अन् वापस बी या लागते."

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. शेवटी साहेब म्हणाले, "दुसरं टाईप करा."

फाटकापाशी भाऊ थांबले. "तुमच्या नोकरीवर आलं तं?" मी नुसती नकारार्थी मान हलवली. "आता काहून गप्प झाले वं ताई?" म्हणत ते ऑटोत बसले.

तीन महिने झाले. भाऊंचा फोन नाही. दर महिन्याच्या ड्युटीच्या यादीत मी त्यांचं नाव टाईप करते, पुढे 'फौजेत' असं लिहिते. साहेब ते खोडत नाहीत.