क्लेम टिबेट्सचा सैल स्क्रू

क्लेम टिबेट्सनं जोडलेल्या छऱ्याच्या बंदुकीला दुसऱ्या कुणी पेचकस लावणं म्हणजे शेजारणीच्या रटरटत्या भांड्यात न विचारता मीठ टाकणं. आमच्या टिपटनमध्ये तसं कोणी करत नसे. काम संपलं की क्लेम स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवी. तो ठिपका दिसला की विषय संपला.

आमच्या पबच्या मागच्या खोलीत मंगळवारी सामने होतात, आणि नंतर तिथंच उकडलेल्या वाटाण्यांचं जेवण. समोर लोखंडी पत्रा, त्यात नखाएवढं भोक, मागे घंटा. छरा भोकातून गेला की घंटा वाजते, नाही गेला की समोरचा संघ खोकतो. आमची कॅप्टन डल्सी हॅडन. वय अठ्ठ्याहत्तर. तिची बंदूक नवऱ्याची, आणि त्याच्यासारखीच जुनी, कुरकुरणारी. घोडा दाबला की आतली स्प्रिंग पलंगासारखी किरकिरायची.

क्लेमनं ती सोडवली. नवी स्प्रिंग बसवली, दट्ट्याचा चामडी वॉशर तेलात मुरवला, कंजूष माणूस टोस्टला लोणी लावतो तेवढंच ग्रीस फासलं. मी तिथंच चहा घेत बसलो होतो. "आता ऐक," म्हणत त्यानं बार काढला. नुसतं 'थप्'. स्वारी इतकी खूश झाली की तो 'थप्' त्यानं मला पुन्हापुन्हा ऐकवला, आणि बोलता बोलता लाल ठिपकाही ठेवून दिला.

मंगळवारी डल्सीचे छरे पत्राभर हिंडले. घंटा एकदाही वाजली नाही. समोरचा संघसुद्धा खोकायचा थांबला.

"बंदूक लोण्यासारखी चालतेय," डल्सी म्हणाली. "डोळेच गेले माझे. आता दुसरा कॅप्टन बघा." बंदूक तिनं क्लेमच्या हातात दिली. "तुझ्या कपाटात ठेव. घरी नको मला."

घरी नेताना क्लेमच्या हाताला लाकडी दस्ता हलल्यासारखा वाटला. पुढचा स्क्रू आवळायचाच राहिला होता, आणि दस्ता हलला की छरा कुठंही जातो. ठिपका मात्र जागच्या जागी. त्यानं गुपचूप स्क्रू आवळला, नवा ठिपका ठेवला, आणि बायकोशीसुद्धा बोलला नाही.

पुढच्या मंगळवारी निरोपाचं भाषण करायला लेन उभा राहिला. लेन म्हणजे आमचा खजिनदार. "डल्सीनं इतकी वर्षं..." एवढ्यात कोपऱ्यातून क्लेम पुटपुटला. कोणाला काही कळलं नाही.

"मोठ्यानं बोल रे," डल्सी म्हणाली. "डोळे गेलेत, कान आहेत अजून."

"तुमचे डोळे ठीक आहेत, कॅप्टनबाई. स्क्रू सैल होता. माझ्याकडून राहिला. आणि मग मी तो आवळला आणि... गप्प बसलो."



"म्हणजे," डल्सी सावकाश म्हणाली, "चष्म्याच्या दुकानातला पोरगा मला सांगत होता, आजी, नजर उत्तम आहे. मी त्याला म्हटलं, गाढवा, तुला काही कळत नाही. आणि तू घरी बसून ठिपके देत होतास?"

"हो."

"आण ती इकडे."

क्लेमनं बंदूक बरोबर आणली होती, ती पुढे केली. क्लेम तसाच बाहेर गेला. मीही मागोमाग गेलो. तो गाड्यांच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून उभा होता, मास्तरांनी उभं केल्यासारखा. आतून घंटा वाजली. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

"वाजतेय," मी म्हटलं.

"ऐकतोय." त्यानं बाहीला नाक पुसलं. "नसती वाजली तर बरं झालं असतं असं एक क्षण वाटलं बघ. इतका नालायक आहे मी."

तेवढ्यात डल्सीनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"वाटाणे गार होतायत," ती म्हणाली. "आणि टिबेट्स, माझ्याशी आज बोलायचं नाही. पण जेवायचं माझ्याच टेबलावर."

तो जेवला. मान एकदाही वर केली नाही.