विमानाचे डोळे

आमच्या घरात विमानाला डोळे असतात. बाकीचं जग त्यांना कॉकपिटच्या काचा म्हणतं, म्हणू दे. आमचे बाबा गोंदियाजवळच्या गोरेगावात सुतार होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा तान्हा पोळा भरतो, त्यासाठी ते लाकडी बैल करायचे. अंग तासून, चाकं ठोकून, रंग देऊन झाला की डोळे सर्वांत शेवटी. तेही ज्यानं बैल घडवला त्यानंच काढायचे, दोन्ही एकाच बैठकीत. "दोन डोळे दोन हातचे झाले तं बैल दोन वाटा पाहते," असं बाबा सांगायचे. आम्हा भावंडांना त्यात शंका घ्यावीशी कधी वाटली नाही.

मोठा भाऊ म्हणजे माझा दादा. एका वर्षी त्यानं जाहीर केलं, "मले बैल नाही पाहिजे. बैल तं सारेच आणतेत." किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर त्यानं प्रवासी विमानाचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून तो जेवणातही लक्ष देत नव्हता. बाबांनी बैलासाठी काढून ठेवलेला सागाचा ठोकळा त्यानं न विचारता तासायला घेतला. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर ते त्याच्याशी बोलले नाहीत, आणि संध्याकाळी स्वतःच पंख तासून द्यायला बसले. ठोकळा बैलाचा, त्यामुळे विमानाचं नाक बैलाच्या तोंडासारखं जाड झालं. त्यात दोरीसाठी छिद्रही पाडलं. विमानाला वेसण घातलेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या ऐन सकाळी दादाला पांढरा रंग फिका वाटला आणि त्यानं आणखी एक हात मारला. रंग ओलाच होता तरी आम्ही मैदानावर निघालो, कारण तोरणाखाली रांग लागली होती. रांगेत सगळे लाकडी नंदी आणि मधेच आमचं विमान. पूजेचं ताट घेतलेल्या शेजारच्या काकू एकेका बैलाला कुंकू लावत, अक्षता टाकत येत होत्या. समोर काय आहे हे न बघता त्यांनी विमानाच्या नाकावरही कुंकू टेकवलं आणि वर अक्षता दाबल्या. ते तांदूळ ओल्या ऑइल पेंटमध्ये रुतून बसले. दादा नखानं काढायला गेला तर रंगच निघायला लागला. तो रडकुंडीला आला. बक्षीस देणाऱ्या गुरुजींनी विमानाकडे पाहून मान हलवली, म्हणाले, "हा बैल नाही." मी वयानं लहान होते पण जिभेनं नव्हते. मी विचारलं, "मंग बाकीचे खरे बैल होयेत का?" दादानं मला ओढत घरी आणलं. मात्र नंतर घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागायला गेलो, तेव्हा विमान बघायला अख्खी आळी जमायची आणि आमची झोळी सगळ्यांच्या आधी भरली. ते विमान अजून आहे. नाकावरचे तांदूळही आहेत, पिवळे पडलेत इतकंच.

पुढं दादानं मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. धानाच्या बांध्यांवरच्या, म्हणजे भातशेतांवरच्या, पाण्याच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि तो बारीक तांब्याची तार गुंडाळत बसायचा. माझं लग्न गोंदियात झालं, कापडाच्या दुकानवाल्या घरात. मग मोबाइल आले, कुरिअर आलं, आणि एके दिवशी दादाकडे खऱ्या विमानाच्या प्रमाणात लहान केलेल्या प्लास्टिकच्या विमानाचं खोकं आलं. त्यात चौकटीला चिकटलेले शेकडो तुकडे. आपल्याला सगळं येतं या तोऱ्यात आम्ही बैलांसाठी वापरायचो तोच रंग आणि तोच थिनर काढला. दादानं पंख थिनरनं पुसून घेतला, आणि बघता बघता तो मऊ पडून कडेनं वाकला. मी ओरडलेच. वहिनीनं आतून विचारलं, "का झालं?" दादा म्हणाला, "काही नाही, विमान उतरलं."

शिकलो हळूहळू. बाजाराच्या दिवशी मी एसटीनं गोरेगावला जायची, भाजी हे निमित्त. जुन्या चिमट्यानं तुकडे सोडवायचे, नखांच्या कानशीनं घासायचे, जोडायचे, सांधे बुजवायचे, चिकटपट्टी लावून पट्टे रंगवायचे. रंग आणायचं काम माझं. गोंदियातला रंगवाला मला ओळखून होता. मी सर्वांत लहान डबी मागितली की म्हणायचा, "बहनजी, इतने में तो तिलक भी नहीं लगेगा." त्याला काय माहीत, आमची अख्खी विमान कंपनी त्या डबीत रंगायची.

कंपनी आमची स्वतःची होती. खोक्यासोबत आलेली परदेशी नावं दादा कधी चिकटवायचा नाही. पोट पांढरं, कडेनं हिरव्या धानाचा पट्टा, आणि शेपटीवर सारस पक्षी. सारस मी काढायची, दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे जोडा व्हायचा. अँटेनासाठी दादा दुकानातली तार कापून लावायचा. आणि शेवटी बसायचा डोळे काढायला. तेव्हा कुणी बोलायचं नाही. मला गप्प बसवणं फक्त त्या वेळी शक्य होतं, असं वहिनी सांगते. काम झालं की विमान कपाटात जायचं, आणि तान्ह्या पोळ्याला वहिनी सगळ्यांच्या नाकावर कुंकू लावायची. त्यातल्या एकाही विमानात आम्ही बसलेलो नाही, खऱ्याही नाही. तिकीट काढू, काढू म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर दादाच्या पडवीत बसून चालत होतं आमचं.

गेल्या हिवाळ्यात दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलता येत होतं. त्यानंच बोलायचं सोडलं. दवाखान्यातून आणलेला रबरी चेंडू उजव्या हातानं दाबायचा होता, तो त्यानं डाव्या हातानं अंगणात भिरकावला. टेबलावर एक लांबट, दोन इंजिनांचं विमान तयार होतं. माझे सारस वाळलेले, पट्टा झालेला, फक्त डोळे राहिलेले. वहिनीनं त्यावर भाकरीची टोपली उपडी घालून ठेवली.

एकदा वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्हीच काढून टाका डोळे. यायले बरं वाटन." मी तिच्यावर खेकसले. बिचारी आत निघून गेली. मला राग तिचा नव्हता. मी डोळे काढले असते तर ठरूनच गेलं असतं की दादाचा हात आता येत नाही. आणि ते मी ठरवणार नव्हते. मला फार भीती वाटत होती.

त्यानंतर दादानं वहिनीला सांगितलं, "ते सारे विमानं खोक्यात भर. पोळा झाला का पोरायले वाटून दे. मले दिसू नको देऊ." वहिनीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी दुकानात होते. समोरचं गिऱ्हाईक काय मागत होतं ते मला ऐकूच आलं नाही.

तान्ह्या पोळ्याला मी पहिल्या गाडीनं गोरेगाव गाठलं. बाहेर पोरं नंदी घेऊन जमायला लागली होती. पडवीत खोकी भरून ठेवलेली होती. मी टोपली उचलली, विमान दादाच्या पुढ्यात ठेवलं, काळ्या रंगाची डबी उघडली आणि त्याच्या डाव्या बाजूला कुंचला ठेवला.

"आज पूजा आहे. बिनडोळ्याचं कसं ठेवू?"

"तूच काढ."

"शेपटी माझी, डोळे तुझे. मी नाही काढत."

"हात कोठी आहे मले?"

"डावा आहे ना. चेंडू तं लय दूर फेकला म्हणे त्याच हातानं."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, की आता विमानही अंगणात जाणार असं मला वाटलं. "तू का मले मरेपर्यंत छळून राहिली वं?" असं म्हणाला आणि त्यानं कुंचला उचलला. मी विमान दोन्ही हातांनी धरलं. पहिलीच रेघ कड सोडून खाली घसरली. दुसरी त्यावर चढली. मी ओठ दाबून बसले. डाव्या बाजूच्या काचा झाल्या तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मी विमान फिरवलं, पण त्याचा हात भरून आला होता. कुंचला त्याच्या मांडीवर पडला, धोतराला काळा डाग लागला.

"दुसरा तू काढ," तो म्हणाला.

"बाबा काय म्हणायचे?"

"पाहू दे दोन वाटा. विमान होय ते, बैल थोडीच होय."

मी कुंचला घेतला. माझा हात चांगला आहे, सारसाची चोच मी एका फटक्यात काढते. पण मी त्यानं काढलेल्या काचांकडे पाहिलं, आणि माझी रेघ मुद्दाम कडेबाहेर नेली, खाली ओघळू दिली, वर पुन्हा चढवली. त्याच्यासारखं वाकडं काढणं मला सारसापेक्षा अवघड गेलं. दोन्ही डोळे एकाच हातचे दिसले पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात वहिनी ताट घेऊन आली. आम्ही थांब म्हणेपर्यंत तिनं नाकावर कुंकू टेकवून अक्षता दाबल्यासुद्धा. काही दाणे माझ्या ओल्या काळ्या रंगात चिकटले. वहिनी घाबरली. दादाच्या पोटातून कसलातरी आवाज आला, मला वाटलं ठसका लागला. तो हसत होता, अर्ध्या तोंडानं.

मग त्यानं विमान डाव्या हातात घेऊन समोरून पाहिलं.

"तुह्या हात कायले हालला?"

"रंग पातळ होता," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. विमान त्यानं टेबलावर ठेवलं, नाक माझ्याकडे करून. "पुढच्या विमानाले सरळ काढजो. माह्या वाकडा राहीन, तुह्या सरळ पाहिजे."

मी चहा बघते म्हणून आत गेले. चुलीपाशी उभी राहून पदर तोंडाशी धरून रडले. बाहेर दादा वहिनीला सांगत होता की ती खोकी आधी कपाटात रिकामी कर, पडवीत पाय ठेवायला जागा नाही.