जॅमच्या बरण्यांतले घारगे

माझ्या बायकोने, सुनीताने, केलेले घारगे मी कचऱ्यात टाकले होते, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आज इथे शारजात, रोल्लाच्या भाजीवाल्याने लाल भोपळा चिरला, आणि त्या ओल्या वासाने ती संध्याकाळ समोर आली.

हॅलोविन होतं. लेकीने भोपळा कोरून त्याला दात काढले होते. गर वाया कसा घालवायचा, म्हणून सुनीताने गूळ घालून घारगे तळले आणि जॅमच्या रिकाम्या बरण्यांत भरले. लेकीने त्यांवर काळ्या कागदाची वटवाघळं चिकटवली.

“साहेबांच्या पार्टीला हेच न्या. चॉकलेटं काय, सगळेच नेतात.”

“बाबा, दे आर सो क्यूट!”

त्या बरण्या साहेबांकडे न्यायची मला लाज वाटली. साहेबांच्या व्हिलाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात मी बरण्या ठेवल्या. अगदी हळू, काच वाजू नये म्हणून. आत वाटेत विकत घेतलेली चॉकलेटं घेऊन गेलो.

“आवडले का हो?” घरी येताच तिने विचारलं.

“खलास! एक उरला नाही.”

तेव्हा काही वाटलं नाही. आता त्या हळू ठेवण्याचंच नवल वाटतं.

पाहुणे आले की सुनीता अजून सांगते, “यांच्या साहेबांनी माझे घारगे फस्त केले होते.” मी मान डोलावतो. तिला खरं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.