फडक्यामागची जाळी

नाव : बळवंत धोंडू परब. मूळ गाव : तालुका मालवण; गावाचे नाव गिरणीच्या दप्तरात तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नोंदले आहे. वय : दप्तराप्रमाणे बावन्न; आईच्या सांगण्याप्रमाणे, जन्माच्या वेळी आंबा मोहरला होता. काम : साळखात्यातील फवाऱ्यांची तोंडे काढणे, साफ करणे व पुन्हा बसवणे. श्रेणी : कुशल कामगार. शेरा : सव्वीस वर्षांत तक्रार नाही.

यात खोटं काही नव्हतं. साळखातं म्हणजे गिरणीत जिथे माग चालतात ती जागा. तिथली हवा सुकली की सूत तुटतं, सूत तुटलं की माग थांबतो आणि माग थांबला की साहेब सुरू होतो. म्हणून कुर्ल्याच्या त्या गिरणीत छताखालून पाण्याचे पाइप फिरवले होते आणि त्यांना अंगठ्याएवढी पितळी तोंडं बसवली होती. त्यांतून पाणी धुक्यासारखं उतरायचं. पाण्यातला क्षार आणि पाइपातला गंज त्या तोंडांत जाऊन बसायचा. बळवंत शिडीवर चढून तोंड फिरवून काढायचा, त्याचे भाग ताटलीत डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचा, आंबट पाण्यात बुडवायचा, सुईने भोकं मोकळी करायचा, एक फुंकर मारायचा आणि उजवीकडून डावीकडे परत बसवायचा. कुठला फवारा धाप टाकतोय हे त्याला मागांच्या खडखडाटातही ऐकू यायचं. "परबा, चौथी लाइन सुकली रे!" अशी आरोळी येईपर्यंत शिडी चौथ्या लाइनीखाली उभी असायची.

अशा माणसाच्या स्वयंपाकघरात जवळजवळ सहा महिने जे चाललं होतं, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

१९७३ च्या दसऱ्याला बळवंत आणि त्याची बायको सरूबाई घाटकोपरच्या चाळीतून मुलुंडला राहायला आली. मुलगी मालन दहिसरला दिलेली, त्यामुळे बिऱ्हाड दोघांचंच. गिरणीतल्याच बारा जणांनी मिळून सोसायटी काढली होती आणि प्रत्येकाला एक ब्लॉक मिळाला होता. ब्लॉक म्हणजे दोन खोल्या, स्वतःचं दार, दारावर स्वतःच्या नावाची पाटी आणि स्वयंपाकघरात स्वतःचा नळ. पाटीवर 'बी. डी. परब' असं रंगवून घेतल्यावर बळवंत दोन वेळा खाली जाऊन परत वर आला, नुसता ती वाचायला.

चाळीत सोळा खोल्यांना एक नळ होता. पहाटे चारला पाणी यायचं आणि साडेसहाला जायचं. रांग आदल्या संध्याकाळीच लागायची. हंडा रिकामा नसला तर वीट ठेवली तरी नंबर धरला जायचा, आणि दुसऱ्याची वीट हलवणारीशी महिनाभर कोणी बोलायचं नाही. सरूबाई चार कळश्या पाण्यासाठी दीड तास जायची आणि येताना चार कळश्या पाणी व पंधरा घरांच्या बातम्या घेऊन यायची. तिच्या पुढचा नंबर द्रौपदीचा. या दोघींनी त्या नळावर तीन लग्नं जुळवली होती आणि एक मोडलंही होतं.

चाळीतल्या नळाच्या तोंडाला नेहमी फडकं बांधलेलं असायचं. गाळ, गंज, क्वचित एखादा किडा, सगळं त्यात अडकायचं. नळाचं तोंड उघडं ठेवणं आणि डोक्यावर पदर न घेता सासऱ्यापुढे जाणं यांत सरूबाईच्या लेखी फार फरक नव्हता.

मुलुंडच्या नळाचं तोंड मात्र वेगळं होतं. कंत्राटदाराने कुठल्याशा हॉटेलाने नाकारलेले नळ स्वस्तात आणून बसवले होते. त्यांच्या तोंडाशी बारीक जाळी होती. तिच्यातून पाणी हवा मिसळून, पांढरं आणि मऊ यायचं. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश हे गिरणीच्या हजेरीखात्यातले कारकून. त्यांनी वास्तूच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "मोठमोठ्या हॉटेलांत हीच धार असते. विलायती पद्धत आहे."

सरूबाईने नव्या नळाला हळदकुंकू लावलं, नळ सोडला आणि हात मागे घेतला.

"अगो बाय! पाण्यात फेस कसलो? साबण घातलानी की काय?"

"विलायती हा ती," बळवंत दाराबाहेरून म्हणाला.

"तर मग विलायतेत पिवा."

तिने ट्रंकेतून आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी काढली, दुहेरी केली आणि नळाच्या तोंडाला करकचून बांधली. फेस गेला. पाणी पाण्यासारखं दिसू लागलं. हे सगळं होताना बळवंत बाहेर पाटीकडे बघत उभा होता.

दिवाळीत धार करंगळीएवढी होती. संक्रांतीला ती सुतळी झाली आणि शिमग्याला दोरा. साऱ्या इमारतीत तीच रड होती. चंद्रप्रकाशांचं म्हणणं, वरूनच पाणी कमी आहे, सगळीकडे टंचाई आहे. बळवंतचा पाण्याशी जन्माचा संबंध, त्यामुळे त्याला हे पटेना. तो गच्चीवर जाऊन टाकी बघून आला, टाकी भरलेली. त्याने नळाची मूठ खोलून आतला वायसर बदलला. मग तो बदललेला वायसर बदलला. तिसऱ्यांदा चामड्याचा वायसर घरी कापून घातला. चाळीत बिघाड नेहमी वरून यायचा, म्हणून इथेही तो वरूनच शोधत होता. खाली, नळाच्या तोंडाकडे हात जायला लागला की सरूबाई लाटणं उगारायची.

"फडक्याक तेलकट हात लावूचो नाय हां! आईचा लुगडा हा ता."

फडकं ती दर शनिवारी सोडायची, धुवायची, बांधायची. शनिवारी सकाळी बळवंत गिरणीत असायचा.

एवढ्यावर भागलं असतं. पण चाळीतली खोली अजून सोडली नव्हती, आणि सोसायटीचा नियम असा की सभासदाची मुंबईत दुसरी जागा असता कामा नये. घरमालकाच्या मेहताजीने मार्चअखेरची मुदत दिली होती. एकतीस मार्च, रविवार. त्या दिवशी बळवंतला एक चावी कुणाच्या तरी हातात ठेवायची होती : खोलीची मेहताजीच्या, नाहीतर ब्लॉकची चंद्रप्रकाशांच्या.

सरूबाईने आपला निकाल शुक्रवारी जेवताना दिला.

"तुमच्या ब्लॉकात दार हा, पाटी हा, घंटी हा. पाणी खंय हा? हो नळ हा की रुसलेलो जावई? तोंड उघडता, पण भायर कायच पडना नाय. मी उद्या जातंय चाळीत."

"अगो, आपला स्वतःचा घर..."

"माका सोळा बिऱ्हाडांचो एक नळ बरो. हयसर नळ एकटो आणि मी पण एकटी."

दुसरं वाक्य बळवंतने ऐकलं, पण नळाच्या दुरुस्तीत त्याचा उपयोग नाही म्हणून सोडून दिलं.

शनिवारी त्याने रजा टाकली. सरूबाईची ट्रंक दारात होती. कमरेला पदर खोचून ती शेवटचं म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या लुगड्याची पट्टी मागे ठेवायची नाही म्हणून नळाची गाठ सोडली.

बळवंत उंबऱ्यात उभा होता. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर दिसावं तसं नळाचं तोंड त्याला पहिल्यांदा दिसलं. पितळी कडं, कडेला पकडीसाठी खाचा, मध्ये जाळी, जाळीत तांबूस गाळ, गाळावर क्षाराची पांढरी साय. हे तोंड त्याने सव्वीस वर्षांत काही हजार वेळा हातात धरलं होतं. फक्त ते घरी राहायला आलेलं त्याला माहीत नव्हतं.

"सरू, ह्या काय गो?"

"जाळी."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. गेल्या शनवारी तर लाल रेतीच भरलेली."

"मग माका सांगलंस नाय?"

"तुमी इचारलात? तुमी वरून नळ खोलून बसलेलात. माका वाटला, तुमका ठावक असतला. सव्वीस वर्सां फवारे धुतलात मा?"

गिरणीत असतं तर बळवंतने या जागी शिडी उचलून पुढच्या लाइनीकडे जाणं पसंत केलं असतं. इथे पुढची लाइन नव्हती. त्याने कडं फिरवून पाहिलं. क्षाराने ते जाम झालं होतं. पक्कड लावली असती तर खाचाच गेल्या असत्या. त्याने बरणीतलं कोकमाचं आगळ, म्हणजे आंबट रस, मागितलं, लुगड्याची पट्टी त्यात भिजवली आणि नळाच्या तोंडाला गुंडाळून ठेवली. अर्धा तास थांबायचं होतं. सरूबाई ट्रंकेवर बसली.

"द्रौपदी आता धुणा वाळत घालीत असतली," ती म्हणाली.

"असतली."

"तिच्या विटेवर मी हळदीचा टिपका लावलेला. वळखूक."

अर्ध्या तासाने बळवंतने तीच ओली पट्टी धरून कडं डावीकडे फिरवलं. ते कुरकुरलं आणि सुटलं. त्याने आतले भाग ताटलीत मांडले : कडं, एक बारीक जाळी, दुसरी तिच्याहून बारीक, भोकांची चकती, रबराची रिंग. जाळीवर गंजाचे खपले, वाळू आणि प्लंबरने सांध्यांना गुंडाळलेल्या तागाचे धागे. जाळी बाजूला ठेवून त्याने नळ तसाच पुरा सोडला. आधी विटकरी पाणी खोकत आलं, मग स्वच्छ धार इतक्या जोरात पडली की समोरची भिंत भिजली. जाळ्या आगळाच्या वाटीत बुडवल्या, जुन्या दातांच्या ब्रशने घासल्या, अडलेली भोकं सुईने उघडली, उजेडाकडे धरून पाहिलं, फुंकर मारली. मग उजवीकडून डावीकडे सगळं बसवलं आणि हातानेच आवळलं.

"आणि ही बांगडी?" सरूबाईने विचारलं.

रबराची रिंग ताटलीत राहिली होती. गिरणीतल्या फवाऱ्याला रबर नसायचं. बळवंतने सगळं पुन्हा काढलं आणि पुन्हा बसवलं.

नळ सोडला. धार आली, भरीव, मऊ, दुधासारखी पांढरी. बळवंतने शेजारी पाहिलं. सरूबाईचा चेहरा काही बदलला नव्हता.

"पाणी इला," ती म्हणाली. "पण ता भरताना बोलूचा कोणाशी?"

याला काय लावून भिजत ठेवायचं, ते बळवंतला कुठल्या साहेबाने शिकवलं नव्हतं. तो पक्कड पुसत बसला. पक्कड वापरलीच नव्हती.

तेवढ्यात घंटी वाजली. समोरच्या ब्लॉकातल्या अनुपमाबाई, शाळेत शिकवणाऱ्या, हातात पातेलं घेऊन उभ्या होत्या. "भिंतीतून पाण्याचा आवाज आला हो! तुमच्याकडे आलं? आमच्याकडे अजून थेंब थेंबच."

सरूबाई ट्रंकेवरून उठली. "बाई, तुमी जाळी काढलात काय?"

"कसली जाळी?"

"अगो बाय माझ्या! चला, दाखवतंय."

ती आगळाची बरणी आणि ओली पट्टी घेऊन समोर गेली. बळवंत ताटली घेऊन मागे निघाला, तर म्हणाली, "तुमी ऱ्हवा. तुमका दिसत नाय."

संध्याकाळी परबांच्या स्वयंपाकघरात दहा वाट्यांत दहा घरांच्या जाळ्या भिजत होत्या. कुठली कुणाची हे कळायला बायका तिथेच बसल्या होत्या, आणि अर्धा तास गप्प बसणं शक्य नसल्यामुळे बोलत होत्या. अनुपमाबाईंच्या भाचीसाठी कुणाला तरी एक मुलगा माहीत होता. पहिल्या मजल्यावरच्या सुगंधाची आमटी चुलीवर होती. ती जाळी मागाहून आणणार म्हणून तिने ओट्यावर नंबराला लिंबू ठेवलं. एकीने ते हलवलं. सरूबाई तिच्यावर अशी कडाडली, की बाहेरच्या खोलीत बळवंतच्या हातातला पेपर खाली आला. असा आवाज त्याने दसऱ्यापासून ऐकला नव्हता. ट्रंक दारातच होती. तिच्यावर दोघी बसल्या होत्या.

रविवारी सकाळी सरूबाईने पदराच्या गाठीतून खोलीची चावी काढून त्याच्यापुढे धरली.

"ही देऊन येवा. आणि द्रौपदीक सांगा, शनवारी दुपारी ये म्हणान. आगळ घेऊन."

एप्रिलच्या सभेच्या इतिवृत्तात चंद्रप्रकाशांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली : 'सभासद श्री. बी. डी. परब यांनी आपल्या दीर्घ अनुभवाच्या आधारे इमारतीच्या पाणीपुरवठ्यातील दोष शोधून काढला. सर्व नळांच्या जाळ्या दर शनिवारी साफ करण्याची जबाबदारी एकमताने त्यांच्याकडे सोपवण्यात येत आहे.'

शनिवारी बळवंत गिरणीत असायचा. जाळ्या सरूबाई साफ करायची.